किती आहे आणि किती निघेल

सकाळी ६.५०

विरारहून वसई रोडला उतरायचं असेल तर फास्ट गाडी धरू नये. चर्चगेटला निघालेल्या बायका दोन स्टेशनांसाठी चढलेलीला दारात उभं राहू देत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे. त्यांना पुढे दीड तास उभ्याने काढायचा असतो. मी स्लो गाडीने येते, पूर्वेला उतरते आणि शेअर रिक्षाने गोखिवऱ्याच्या बाजूला जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. एका बाजूला स्प्रिंगा बनतात, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी, समोर खोट्या दागिन्यांना मुलामा चढवतात. आमच्याकडे काहीच बनत नाही. कशात किती सोनं-चांदी आहे आणि त्यातलं किती हाती येईल, एवढंच आम्ही सांगतो.

आल्याआल्या पहिलं काम भट्टी चालू करण्याचं. विजेची भट्टी आहे. तिला हजार अंशांवर जायला दोन तास लागतात, त्यामुळे बाकीची मंडळी यायच्या आत बटण दाबलेलं बरं. आकडा वर चढत असतो तोवर मी कालच्या वहीवर नजर टाकते.

सकाळी ७.३०

मागच्या खोलीत रुळांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या रात्रभर गोल फिरत असतात. प्रत्येकीत बारीक दळलेलं खनिज, पाणी, चुना आणि लिटरमागे एक ग्रॅम सोडियम सायनाइड. हवेतल्या ऑक्सिजनची साथ असेल तर सोनं सायनाइडच्या पाण्यात विरघळतं. जॉन मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ साली ग्लासगोत याचं पेटंट घेतलं, आणि खाणीतलं बहुतेक सोनं आजही याच वाटेने बाहेर येतं.

मदतीला असलेला मुलगा आल्याशिवाय मी बाटली उघडत नाही. विरारच्या कॉलेजातून तो नुकताच बीएस्सी होऊन आला आहे, आणि त्याला शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की या खोलीत एकट्याने काम करायचं नाही. पंखा चालू, वायुमापक खिशाला, मग पीएच. तो साडेदहाच्या वर हवा. खाली घसरला तर पाण्यातून सायनाइडचा वायू सुटू लागतो. आज ठीक होता. चोवीस तासांचा नमुना काढला, गाळला, नोंदला, बाटल्या पुन्हा रुळांवर ठेवल्या. त्या उद्यापर्यंत फिरतील.

सायनाइडचं कपाट पोटमाळ्यावर आहे, दोन कुलपांचं, आणि ग्रॅम न् ग्रॅम वहीत उतरतो. पूर्वी ते खाली होतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, वीज गेली, लोकल थांबल्या, तेव्हापासून विषारी म्हणून जे काही आहे ते आम्ही वर चढवलं. वसई पूर्वेला गाळा घेणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगते.

या आठवड्यातला मोठा नमुना कर्नाटकातून आला आहे. काळसर राखाडी पूड, उन्हात धरली की चमचमते. खाणीतला दगड दळून, फेसावर तरंगवून त्यातला गंधकयुक्त भाग वेगळा काढलेला. यालाच सल्फाइड कॉन्सन्ट्रेट म्हणतात. त्यात आहे माक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधक, आणि आहे आर्सेनोपायराइट, म्हणजे लोखंड, गंधक आणि आर्सेनिक. सोनं या दोघांच्या पोटात. ते कणाकणाने दिसत नाही. चांगल्या सूक्ष्मदर्शकाखालीही बऱ्याचदा दिसत नाही, कारण त्याचे अणू आर्सेनोपायराइटच्या स्फटिकाच्या घडणीतच बसलेले असतात. पुरणातला गूळ पुन्हा वेगळा काढायला सांगावं, तसं हे. कितीही बारीक दळा, दळलेल्या प्रत्येक कणात सोनं तसंच कोंडलेलं राहतं. सायनाइडचं पाणी बाहेरून फिरून परत येतं. अशा खनिजाला धातुशास्त्रात हट्टी खनिज म्हणतात.

सकाळी ८.३०

आमच्याकडे काम करणारे मामा आले. त्यांचं गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळ. सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी पट्ट्यातून, खानापूर, आटपाडी, तासगावकडून, पिढ्यान् पिढ्या माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत स्थिरावली. परमुलखातल्या बाजारपेठेत गलाईच्या दुकानात मराठी कानावर आली तर समजावं, माणूस बहुधा तिकडचाच. मामांनीही तरुणपण तेजाबाच्या धुरात घालवलं. सोनाराचा कचरा जाळायचा, आटवायचा, सोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळवायची, खाली राहिलेलं सोनं धुऊन घ्यायचं, आणि वरच्या पाण्यात मीठ टाकून चांदी दह्यासारखी पांढरी खाली बसवायची, हे सगळं त्यांच्या हातात आहे. नायगावच्या मिठागरांवरून गाडी जाते तेव्हा ते हमखास म्हणतात, "ताई, एवढ्या मिठात किती चांदी बसंल बगा."

आज दोन जातींचे नमुने आहेत. एक वसईतल्याच दागिन्यांच्या कारखान्यातला केर: झाडलोट, पॉलिशची धूळ, हात पुसलेल्या चिंध्यांची राख. दुसरा कर्नाटकचा. दोन्हींची वाटणी मामा करतात. पूड ताडपत्रीवर गोल ढिगात रचायची, वरून दाबून चपटी करायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन उचलायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. हातात मूठभर उरेपर्यंत हेच. बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. पण टनभर मालाचा निकाल आम्ही काही ग्रॅमवरून लावणार असतो. ते काही ग्रॅम टनाचे खरे प्रतिनिधी नसतील, तर पुढची सगळी अचूकता फुकट.

"कचऱ्यातलं सोनं उघडं असतंय," ढीग चपटा करता करता मामा त्या मुलाला सांगत होते, "ह्यातलं कोंडलेलं. गलाईवाल्याला हे जमायचं न्हाई." तेजाब त्यांच्या ओळखीचा आहे आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. ज्याने सोनं आयुष्यभर हाताने काढलं, त्यालाच पहिल्या नजरेत कळतं की इथे वेगळी किल्ली लागणार.

सकाळी ९.४५

मूस भरायची वेळ. सोनं मोजायची ही रीत फार जुनी आहे आणि आमच्याकडे अजूनही तीच चालते. आमच्या बरण्यांवरची नावं घरच्या आजीलाही कळतील: मुरदाडशिंग, टाकणखार, सोडा, गारगोटीची पूड, सोरा, कणीक. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. भट्टीत त्यातून शिसं मोकळं होतं, पावसासारखं खाली झरतं आणि वाटेत भेटेल तेवढं सोनं-चांदी गोळा करून मुशीच्या तळाशी बसतं. बाकीची माती टाकणखार आणि सोड्याबरोबर वितळून काच होते आणि वर तरंगते.

शिसं मोकळं करायला कुणीतरी ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. सोनाराच्या केरात ते काम कणीक करते. सल्फाइडमध्ये कणीक घालायची नाही, तिथे गंधकच इतका हावरा असतो की शुद्ध माक्षिकाचा एक ग्रॅम सुमारे ११ ग्रॅम शिसं मोकळं करतो. तळाशी बसणाऱ्या शिशाच्या गोळ्याला आम्ही बटण म्हणतो, आणि ते हवं असतं साधारण ३० ग्रॅमचं. म्हणून नमुना कमी घ्यायचा आणि वर सोरा घालून गंधकाची भूक आधीच भागवायची. सोरा कमी पडला तर मुशीत तिसरा थर तयार होतो, गंधक आणि लोखंडाचा काळा ठिसूळ थर, आणि तो सोनं गिळून बसतो. जास्त झाला तर बटण इवलंसं येतं. हा हिशोब मी त्या मुलाला रोज कागदावर करायला लावते. यंत्रावर आकडे येतात, पण कुठल्या पुडीला सोरा आणि कुठल्या पुडीला कणीक, हे डोक्यात बसलेलं बरं.

सकाळी १०.३०

मुशी आत गेल्या. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर लाट येते. मे महिन्यात वसईच्या दमट हवेत हा क्षण नकोसा असतो. आता तासभर तिकडे बघायचं कारण नाही.

तो तास दुसऱ्या, छोट्या भट्टीचा. तिच्यात कर्नाटकच्या पुडीचा वेगळा भाग भाजायला ठेवला आहे. हट्टी खनिजाला वळवायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे भाजणं: गंधक आणि आर्सेनिक जाळून उडवायचे, लोखंडाचा सच्छिद्र ऑक्साइड मागे ठेवायचा, मग सायनाइडला आत शिरायला वाट सापडते. सांगायला सोपं, करायला फार नाजूक. आधी साडेचारशे-पाचशे अंशांवर, हवा बेताची ठेवून, आर्सेनिक बाहेर काढायचं. ते गेल्यावर साडेसहाशेच्या आसपास, भरपूर हवेत, गंधक. घाई करून एकदम तापवलं तर कण वितळल्यासारखे होतात, छिद्रं मिटतात आणि सोनं नव्या तुरुंगात जातं. पुडीचा रंग काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा विटकरी लाल होत जातो. मी लोखंडी सळईने ती हलवत राहते. मुखवटा लावलेला असतो, धूर वर शोषला जातो आणि कॉस्टिकच्या पाण्यातून धुऊन जातो. तरी नळीच्या थंड भागात एक पांढरं कवच धरतंच. तो सोमल, म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड. गरम आर्सेनिकला लसणाचा वास येतो असं जुनी पुस्तकं सांगतात. तो वास घेऊन बघायची पद्धत आमच्याकडे नाही.

निसर्गाने हेच काम हळूहळू केलेलं असतं. जमिनीच्या वरच्या थरात पावसापाण्याने आणि हवेने माक्षिक गंजून जातं, सोनं मोकळं होतं, आणि वरवरची खाण सहज पिकते. खाली गेलं की न गंजलेला निळसर काळा दगड लागतो. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडला १८९० च्या सुमारास असंच झालं: खाणी माक्षिकाच्या थरात उतरल्या, पाऱ्याने सोनं निघेना, शेअर कोसळले, आणि सायनाइडने तो धंदा वाचवला. तिथलं सोनं बारीक होतं पण पोहोचता येण्याजोगं होतं. स्फटिकातच बसलेलं सोनं सायनाइडलाही दाद देत नाही. आपल्या जवळचं उदाहरण रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी नावाच्याच गावाचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं आग लावून, पाणी ओतून दगड फोडत खोल उतरली होती. आजही तिथे सोनं निघतं आणि तिथल्या दगडात आर्सेनोपायराइट आहे.

सकाळी ११.३०

मुशी बाहेर. लोखंडी साच्यात लालभडक रस ओतायचा आणि थंड होऊ द्यायचा. मग हातोडीने काच फोडायची आणि तळाचं शिशाचं बटण ठोकून चौकोनी करायचं. मामा हे काम कुणाला देत नाहीत. ठोकताना बटण तडकलं तर त्यात गंधक किंवा आर्सेनिक राहिलं असं समजायचं, आणि तो नमुना पुन्हा. आज एकही तडकलं नाही.

चौकोनी बटणं हाडांच्या राखेच्या वाट्यांत ठेवून पुन्हा भट्टीत, साडेनऊशे अंशांच्या आत. आता शिसं परत ऑक्साइड होतं आणि वाटी ते शोषून घेते. सोनं-चांदी शोषली जात नाही, तिचा मणी उरतो. या पाऊण तासात मी भट्टीच्या झरोक्यापासून हलत नाही. शिशाचा शेवटचा पापुद्रा निघताना मण्यावर इंद्रधनुष्याचे रंग भराभर फिरतात, मग क्षणभर अंधारतं आणि मणी एकदम लखकन उजळतो. ते उजळणं दिसलं की काम झालं. जास्त वेळ ठेवलं तर चांदी उडते, आणि चांदीचा आकडा कमी येतो. इतकी वर्षं बघितलं तरी या चमकेची गोडी मला कमी वाटत नाही, आणि तो मुलगाही आता न बोलावता येऊन उभा राहतो.

शिशाचा धूर हा या कामाचा खरा धोका. धुराडं रोज तपासतो, रक्तातलं शिसं ठरावीक काळाने तपासून घेतो. गलाईच्या छोट्या खोलीत मामांना असलं काही मिळालं नाही. त्यांचा खोकला त्या दिवसांचा आहे.

दुपारी १.१५

हात कोपरापर्यंत धुवायचे, एप्रन आत ठेवायचा, आणि जेवण पलीकडच्या ऑफिसात. भट्टीच्या खोलीत चहासुद्धा नाही. डब्यांवर मामांच्या घरची खर्ड्याची वाटी फिरते, त्या मुलाच्या आईने वसईच्या बाजारातून आणलेली केळी असतात.

जेवण संपेपर्यंत एक गृहस्थ येऊन बसले होते, नालासोपाऱ्याहून. भावाच्या शेतात, विदर्भात, विहीर खणताना सापडलेला दगड रुमालात बांधून आणलेला. पिवळे चौकोनी स्फटिक, धारदार कडा, आरशासारखी चमक. नागपूर-भंडाऱ्याकडे सोन्याचे थोडे साठे नोंदलेले आहेत हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी एक स्फटिक काढून बिनचकाकीच्या फरशीच्या तुकड्यावर घासला. सोन्याची रेघ पिवळी येते. ही हिरवट काळी आली. हातोडी मारली. सोनं चपटं होतं. याची पूड झाली. माक्षिक.

इथे बरेच जण हसून माणसाला परत पाठवतात. मला ते पटत नाही, कारण माक्षिकात सोनं असूही शकतं, कधी कधी भरपूर असतं. म्हणून मी त्यांना जे खरं आहे ते सांगितलं: दिसतंय ते सोनं नाही, आत असेल तर ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि असलं तरी ते तुमच्या-माझ्या हाताने निघणारं नाही, शिवाय जमिनीखालचं खनिज काढायला सरकारची परवानगी लागते. कुणी गावात भट्टी लावून काढून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका आणि त्या धुराजवळ मुलांना जाऊ देऊ नका. तपासणीचे पैसे त्यांनी देऊ केले. मी म्हटलं, आधी भावाशी बोला.

दुपारी २.३०

वाट्यांतले मणी मोहरीएवढेही नसतात. चिमट्याने उचलायचे, ब्रशने घासायचे, वजन करायचं: हे सोनं आणि चांदी मिळून. मग पातळ तेजाबात गरम करायचं. चांदी विरघळते, सोनं काळपट तुकड्यासारखं तळाशी राहतं. मात्र सोन्याच्या किमान तिप्पट चांदी मण्यात असावी लागते, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. कमी असेल तर मुशीतच मोजून चांदी घालतो. काळा तुकडा धुऊन, वाळवून, ज्योतीवर तापवला की पिवळा होतो.

सूक्ष्म तराजू काचेच्या पेटीत, दगडी ओट्यावर आहे. समोरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की आकडा थरथरतो, म्हणून वजनं दुपारीच करायची, तेव्हा वर्दळ कमी असते. टनाला ५ ग्रॅम सोनं असलेल्या खनिजाचे ३० ग्रॅम घेतले तर हाती येतं ०.१५ मिलिग्रॅम. एवढ्याशा वजनावर कुणी कोट्यवधींचा कारखाना उभा करणार असतं. मी तीनदा तोलते.

सोनाराच्या केराचा निकाल सरळ आला. तो आज संध्याकाळीच मालकाला कळवू, त्याची गलाई उद्या होईल.

दुपारी ४.००

कर्नाटकच्या नमुन्याचे कागद पसरून बसले. आठवड्याच्या सुरुवातीला भाजलेल्या भागाचं सायनाइड पूर्ण झालं होतं, न भाजलेल्याचंही. आज दोन्हींच्या गाळाची परीक्षा झाली. सोनं टनाला ४० ग्रॅम. न भाजता सायनाइडने निघालं ३५ टक्के. भाजून निघालं ८८ टक्के. चांदीने मात्र नेहमीप्रमाणे निराश केलं: भाजल्यावर ती लोखंडाच्या लाल ऑक्साइडमध्ये अडकून बसते, आणि टक्का जेमतेम वाढला. चांदी काढायची तर तिचा माग वेगळा धरावा लागतो. आपल्या देशातली चांदी मुख्यतः राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या सल्फाइड खनिजांतून येते, आणि तिथे ती शिशाबरोबर जाते, शिशातून वेगळी होते. चांदी विरघळवायला तिथे सायनाइड लागत नाही.

इथपर्यंतचे दोन आकडे, किती आहे आणि किती निघेल, हे सगळेच विचारतात. म्हणजे पहिला सगळे विचारतात, दुसरा शहाणे विचारतात. तिसरा मी न विचारता देते. या पुडीत ८ टक्के आर्सेनिक आहे. टनामागे ८० किलो. भाजल्यावर त्याचा सोमल होतो सुमारे १०५ किलो. आणि त्या टनातून भाजून सोनं निघणार ३५ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम सोन्यामागे तीन किलो सोमल. दहा ग्रॅमच्या एका अंगठीमागे तीस किलो. तो पाण्यात विरघळतो, आणि कायम विषच राहतो. त्याला मुदत नाही.

कॅनडात यलोनाइफला जायंट नावाची खाण होती. तिथे असंच खनिज भाजलं जात असे. खाण बंद झाली, सोनं जगभर विकलं गेलं आणि जमिनीखालच्या कोठ्यांत २,३७,००० टन सोमल मागे राहिला. आता तो विरघळून पाण्यात मिसळू नये म्हणून सरकारी खर्चाने जमीनच गोठवून ठेवायची योजना आहे. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो आमच्या कॉस्टिकच्या टाकीकडे बघत होता. तिच्यातला गाळ आम्ही चुना आणि लोखंडाचा क्षार घालून बसवतो, पिंपात भरतो, चिठ्ठी लावतो, आणि ते पिंप तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जातं. सायनाइडचं पाणी ब्लीचिंगने मारून, तपासून, मगच पुढे. आमचं पिंप छोटं आहे. पण प्रयोगशाळेत ज्याने पिंपाचा हिशोब ठेवला नाही, तो कारखान्यात ठेवणार नाही, अशी माझी पक्की समजूत आहे, आणि म्हणून ते वजन मी रोज त्याच्याच हाताने लिहून घेते.

संध्याकाळी ५.१५

भाजण्याशिवाय दुसऱ्या वाटा आहेत आणि त्या आता नव्याही राहिलेल्या नाहीत. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅक्लॉफ्लिन खाणीने हट्टी खनिजासाठी मोठे प्रेशर कुकरच म्हणावेत असे ऑटोक्लेव्ह बसवले: दोनशे अंशांच्या आसपास, ऑक्सिजनच्या दाबाखाली, पाण्यातच गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि धूर निघत नाही. आर्सेनिक लोखंडाशी बांधलं जाऊन घट्ट गाळ होतो, तो सोमलापेक्षा पुष्कळ स्थिर. यंत्र मात्र महाग. आतलं अस्तर, झडपा, ऑक्सिजनचा कारखाना, सगळंच.

दुसरी वाट जिवाणूंची, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिच्यात आहे. लोखंड आणि गंधक खाऊन जगणारे जिवाणू खाणींच्या आंबट पाण्यात मुळातच असतात. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत त्यांना टाक्यांत पाळून पहिल्यांदा कारखान्याच्या प्रमाणावर सोन्याच्या कामाला लावलं. चाळीस अंश तापमान, लिंबाहून आंबट पाणी, भरपूर हवा, आणि चार-पाच दिवस धीर. ते माक्षिक खाऊन टाकतात, सोनं उघडं पडतं, आर्सेनिक इथेही लोखंडाबरोबर गाळात बसवता येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. ए. नटराजन यांनी आपल्याकडच्या खनिजांवर या जिवाणूंचा दीर्घ अभ्यास केला. ज्ञान देशात आहे. त्याला लागणारा धीर मात्र भाव वाढला की कमी पडतो. सोनं महाग झालं की जो तो सगळ्यात लवकर उभी राहणारी भट्टी मागतो. याही वाटेने चांदी रुसतेच, जॅरोसाइट नावाच्या पिवळ्या क्षारात जाऊन बसते, आणि गरम चुन्याच्या पाण्यात उकळून तिला सोडवावं लागतं. तो खर्चही अहवालात लिहिला.

संध्याकाळी ६.३०

भट्टी बंद. मामांनी तुटक्या मुशी आणि वापरलेल्या वाट्या मोजून वेगळ्या पिंपात टाकल्या. वाट्यांत शिसं असतं, त्या साध्या कचऱ्यात जात नाहीत.

ग्राहकाचा फोन आला, कर्नाटकातून, माणूस मराठी, बेळगावकडचा. "मॅडम, ग्रेड काय आलं?"

मी तिन्ही आकडे एकापाठोपाठ सांगितले. तिसऱ्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "भाजायची भट्टी सगळ्यात स्वस्त पडते. अठ्ठ्याऐंशी टक्के निघतंय ना?"

"निघतंय. सोमल कुठे ठेवणार ते कागदावर दाखवा, मग स्वस्त आहे का ते बघू."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"जिवाणूंची चाचणी करून घ्या. आमच्याकडे ती होत नाही, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागेल. पन्नास किलो माल लागेल. पिशव्यांत हवाबंद करा आणि सावलीत ठेवा, नाहीतर वाटेतच गंजायला लागेल आणि निकाल खोटा येईल. आणि खाणीच्या पंपातून येणारं पाणीही पाच लिटर वेगळ्या कॅनमध्ये पाठवा, झाकण सैल ठेवून. त्यात तिथलेच जिवाणू असतील, त्यांना या दगडाची सवय असते."

"पाण्याचा कॅन कुरिअरवाले घेतील?"

"नाही घेत. माणूस पाठवा."